जहाजावरचा वाडा

मामांनी नातीशी बोलणं टाकलं, ते एका फोनमुळं.

मामा म्हणजे माझे सासरे. नात म्हणजे माझी मुलगी. ती नौदलात आहे, समुद्रकाठच्या एका तळावर हेलिकॉप्टरांची देखभाल करणाऱ्या लोकांत. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि तो पहिल्यांदा मामांच्याच हातात द्यायचा, अशी आमच्या घरची पद्धत. आम्ही करमाडच्या अलीकडं, जालना रोडपासून थोडं आत राहतो. आमचे हे शेंद्र्याला कंपनीत जातात. मेंढरं आता नाहीत, थोड्या शेळ्या आहेत, त्यांचं सगळं मामा बघतात.

त्या रविवारी मामा लिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होते. मी फोनचा आवाज मोठा करून त्यांच्या पुढ्यात बाजेवर ठेवला आणि चुलीकडं आले. मामांशी मी समोरासमोर बोलत नाही. भांडण नाही काही. आमच्यात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. माझ्या बरोबरीच्या बायका हळूहळू बोलायला लागल्या, मी आपली राहूनच गेले. स्वभावच तसा. "भाकरी वाढू का" एवढंच आमचं बोलणं, तेही ताटाकडं बघून.

"आबा, खुशखबर हाय," मुलगी म्हणाली. तळावर ती दिवसभर हिंदी बोलते, पण आबांशी बोलताना जपून घरचीच बोली बोलते. "आमच्या स्क्वाड्रनमधली काही हेलिकॉप्टरं मोठ्या जहाजावर चाललीत. संगं मोजकीच माणसं. त्यात माझा नंबर लागला!"

मामांनी विचारलं, "म्हंजी तुमच्यातून निघून?"

"व्हय. बाकीचे हितंच राहणार. आमी तिकडं एअर ग्रुपात."

"आन तुझा सायब?"

"तो हितंच. तिकडं दुसरे मोठे सायब हायत, त्यांच्या हाताखाली."

मामांनी हातातला डहाळा शेळीपुढं टाकला, उठले आणि रस्त्याच्या बाजूला चालत गेले. फोन बाजेवर "आबा? आबा, आवाज येतोय का?" म्हणत राहिला. शेवटी माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, तो उचलला आणि म्हणाल्या, "तुझा आबा गेला फिराया. रेंज नाय त्याच्या डोक्याला."

पुढच्या रविवारी मामांनी फोन हातात घेतला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं काय झालंय ते. पण ते सांगायचं तर आमच्या जुन्या दिवसांचं थोडं सांगावं लागतं.

आमचं मूळ गाव पिशोरच्या बाजूचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचं, गंगापूरच्या अंगाला, गोदावरीच्या काठाकाठानं. पीक निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेत. रात्रभर मेंढरं बसली की जमिनीला खत मिळतं, त्याच्या बदल्यात ते धान्य देत. एकट्या घराला असं फिरता येत नाही. लांडगा आहे, चोर आहे, रस्त्यात कुणी बाळंत होतं, कुणाला ताप येतो. म्हणून पाच-सहा घरं मिळून निघायची. या फिरत्या मुक्कामाला आम्ही वाडा म्हणतो. दगडाचा नाही, चुन्याचा नाही. घोड्याच्या पाठीवरून उतरवलेला संसार, भोवती जाळी आणि आत मेंढरं, एवढाच.

वाड्यात प्रत्येकाची चूल वेगळी, मेंढरं आपापली, त्यांच्या पाठीवरची खूणही आपापली. पण सकाळी कुठं निघायचं, कुणाच्या रानात उतरायचं, पुढं कोण आणि मागं कोण, हे सगळं एक जण ठरवायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा ते मामा ठरवायचे. मोठ्यानं बोलायची त्यांना गरज पडत नसे. पहाटे ते घोडीचं तोंड ज्या दिशेला करून उभे राहत, तिकडं सगळा वाडा वळे.

आमच्या वाड्याचा एक नियम होता. एकदा निघालो की परत गावाला लागेपर्यंत कुणी मधूनच मेंढरं काढून दुसऱ्याच्या वाड्यात जायचं नाही. कुणी गेलंच, तर त्यानं येऊन मोठ्यासमोर कारण सांगायचं. ते सांगेपर्यंत मोठा त्याच्याशी बोलणार नाही. हे रागानं नव्हतं. मोठाच आधी बोलला तर गेलेल्याला कारण सांगायची गरज उरत नाही, म्हणून.

मामांचा धाकटा भाऊ एका साली असाच गेला. गोदावरीच्या काठी मुक्काम असताना त्यानं आपली मेंढरं वेगळी काढली आणि दुसऱ्या वाड्यात नेली. कारण सांगायला तो आला नाही. मामा अजून त्याच्याशी बोललेले नाहीत. एका लग्नात दोघं एकाच पंगतीला शेजारी बसले होते. भावाच्या ताटाजवळची मिठाची वाटी हवी होती, तर मामांनी ती वाढप्याला हाक मारून मागितली.

आता माझी मुलगी फोनवर म्हणाली, आमच्यातून निघून, दुसऱ्याच्या हाताखाली. आणि वर खुशखबर म्हणाली.

आत्या मामांना म्हणाल्या, "अवो, सरकारचं काम हाय ते. मेंढरं हायत का ती?"

मामा म्हणाले, "माणसं तर माणसंच असत्यात ना तिथं बी."

आत्या उठून पाणी आणायला गेल्या.

मुलीनं मग मला एकटीला फोन केला. संध्याकाळची वेळ होती, मी शेळ्यांच्या गोठ्याशी उभी होते. ती रडत नव्हती, पण आवाज दाबून बोलत होती. "आई, भरतीच्या टायमाला समदे भावकीतले नाय म्हणत होते. पोरीच्या जातीला पाण्यावर कशापायी धाडता म्हणत होते. तवा एकटे आबा माझ्याकडनं उभे राहिले. आता मी जहाजावर चढणार, तिथं महिना महिना फोन लागायचा नाय, आन आबा बोलत नायत. मी अशीच जाऊ?"

मी तिला नियम सांगितला. तिला तो माहीतच नव्हता. ती शाळेसाठी लहानपणीच शहरात वसतिगृहावर राहिली, वाड्याचं फिरणं तिनं थोडंच बघितलं.

"मग मी येऊन सांगते," ती म्हणाली आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण आता रजा कोण देणार."

गेलेल्याला येता येत नसेल तर त्याच्या चुलीवरचं कुणीतरी त्याच्या वतीनं कारण सांगू शकतं, हेही नियमात होतं. मी यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, "मी? मी तोंड उघडलं की पयला सवाल येईल, पोरीला डोक्यावर कुणी चढवली. मला त्याचं उत्तर ठावं हाय, म्हणून मी जात नाय."

उरले मी.

मी मुलीला म्हटलं, मला सगळं नीट सांग. कोण कुणाचं, कोण कुणाच्या हाताखाली, कोण कधी परत येतं. मला कळलं तर मी सांगीन. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाचता येतं, पण एकदा ऐकून सगळं डोक्यात बसत नाही. तिनं न कंटाळता रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगितलं. ते दिवस मला फार आवडले. भीती होतीच, पण त्यात एक नवीन गोष्ट कळत होती.

मला वाटायचं, विमानं जहाजाचीच असतात, जशी गाडीची चाकं गाडीची. ती हसली. "नाय गं आई. विमानवाहू जहाज आपलं आपण रिकामंच असतं. विमानं पाव्हणी. त्यांची घरं जमिनीवर."

घर म्हणजे स्क्वाड्रन. एकाच जातीची विमानं, ती उडवणारे, ती दुरुस्त करणारे, सगळे मिळून एक स्क्वाड्रन. तिला स्वतःचा नंबर, स्वतःचं चिन्ह, स्वतःचा साहेब. लढाऊ विमानांची वेगळी, लांबून आकाशावर नजर ठेवणाऱ्यांची वेगळी. मुलीच्या स्क्वाड्रनचं काम पाणबुड्या हुडकायचं. हेलिकॉप्टर समुद्रावर एका जागी थांबतं, तारेला बांधलेलं यंत्र पाण्यात खोल सोडतं आणि ऐकतं. एवढ्या समुद्रात नुसतं ऐकून माणसं ओळखतात, खाली काय चाललंय. हे ऐकताना मी हुंकार द्यायचंच विसरले. तिला वाटलं फोन कटला.

जहाज मोहिमेवर निघायचं ठरलं की जमिनीवरच्या या वेगवेगळ्या स्क्वाड्रनमधून जेवढी लागतील तेवढी विमानं आणि माणसं जहाजावर चढतात. सगळी मिळून झाला एअर ग्रुप. त्या ग्रुपवर एक मोठा. त्याच्या वर जहाजाचा कप्तान.

"हे पयल्यापासून असंच हाय का?" मी विचारलं.

तिला त्यांच्या शिकवणीत सांगितलं होतं. विमानवाहू जहाजं नवीन होती तेव्हा परदेशातल्या नौदलांत प्रत्येक स्क्वाड्रनचा साहेब आपापला थेट कप्तानाकडं जायचा. विमानं थोडी होती तोवर ते चाललं. पुढं विमानं वाढली, सगळ्या जातींनी एकाच वेळी मिळून एका कामाला जायची वेळ आली. वर आकाशात गेल्यावर कुणी कुणाचं ऐकायचं, हे ठरलेलं असायला हवं होतं. म्हणून सगळ्या स्क्वाड्रनांवर एक जण नेमला. तोही कागदावरचा नाही, स्वतः विमान उडवणारा.

आधी अशा ग्रुपला जहाजाचंच नाव असायचं. मग मोठ्या लढाईत अडचण आली. कधी जहाज चांगलं, पण त्यावरची उडणारी माणसं थकून गेलेली. कधी माणसं ताजी, पण जहाज मार खाऊन दुरुस्तीला गेलेलं. एकाच्या पायी दुसरं अडकून पडायचं. मग त्यांनी ग्रुप जहाजापासून मोकळा केला, त्याला स्वतःचा नंबर दिला. थकलेला ग्रुप उतरायचा, दुसरा त्याच जहाजावर चढायचा. जहाजाचं काम थांबायचं नाही आणि माणसांना विसावा मिळायचा.

हे ज्यानं कुणी पहिल्यांदा बसून विचार करून ठरवलं असेल, त्याचं मला फार कौतुक वाटलं. नवीन यंत्र शोधणाऱ्याचं नाव होतं. माणसांना कुठं बांधायचं आणि कुठं मोकळं सोडायचं हे ज्याला कळलं, त्याचं नाव कुणी विचारत नाही.

मुलगी डेकचं सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. डेक म्हणजे जहाजाची वरची गच्ची, तिथूनच विमानं उडतात आणि तिथंच उतरतात. जागा एवढी कमी की विमानांचे पंख आणि हेलिकॉप्टरांची पाती दुमडून ठेवतात. जहाज हलतं, म्हणून प्रत्येकाला साखळ्यांनी डेकला बांधतात. आवाज असा की कानाशी ओरडलेलं कळत नाही, म्हणून सगळं हातवाऱ्यांवर. कोण काय करतो ते सदऱ्याच्या रंगावरून ओळखायचं. पिवळ्या सदऱ्यावाला हात वर करील तसं विमानानं हलायचं, मग आत कितीही मोठा साहेब बसलेला असो. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या स्क्वाड्रनांची ही माणसं, काहींनी एकमेकांना महिनाभरापूर्वी पाहिलंही नव्हतं, आणि कुणी कुणाला धक्का लावत नाही.

तिला जहाजावर चढायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा मी ठरवलं की आज बोलायचं. शेळ्यांना पाणी पाजताना सगळं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. दुपारची जेवणं झाली. मामा बाजेवर टेकले होते, आत्या शेजारी लसूण सोलत होत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. बांगड्या चौकटीला लागल्या तसं आत्यांनी वर बघितलं.

"मामा," मी म्हणाले, "पोरीचं कारण सांगायचंय."

आत्यांच्या हातातला लसूण सुपात पडला. मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण ते टेकले होते ते उठून बसले. मांडी घातली, टोपी सारखी केली. वाड्यावर कुणी कारण सांगायला आलं की ते असेच बसायचे.

"तिच्या वतीनं?" त्यांनी विचारलं.

"व्हय. तिला येता येत नाय."

"बोल."

मी सांगायला लागले. पहिली काही वाक्यं माझी मलाच ऐकू येईनात. आत्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोल बाई, म्हाताऱ्याला डाव्या कानानं कमी येतं." मग मी पुढं येऊन जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. घरं जमिनीवर, जहाज रिकामं, प्रत्येक घरातून थोडी थोडी माणसं, सगळ्यांवर एक मोठा. परत आल्यावर पुन्हा आपापल्या घरी.

मामा मधे मधे विचारत होते. मी त्यांना असं विचारताना पूर्वी लांबून ऐकलं होतं, पण प्रश्न मला कधी आले नव्हते.

"जहाजाचा मालक येगळा, आन इमानांचा मोठा येगळा. दोघांची भांडणं होत नायत?"

"कप्तान वर आहे, मामा. जहाज कुठं न्यायचं ते तो ठरवतो. विमानांनी काय करायचं ते ग्रुपचा मोठा बघतो, पण कप्तानाला विचारून. आणि विमान उडायचं असलं की जहाज वाऱ्याकडं तोंड करतं. समोरून वारा मिळाला तर विमानाला उचलायला सोपं जातं."

"कोण करतं? जहाज?"

"व्हय. सगळं जहाज वळतं."

"येवढं गावायेवढं जहाज," मामा म्हणाले, "त्या एका पाखरासाठी तोंड फिरवतं?"

"व्हय."

"सैपाक कोण करतं तेवढ्यांचा?" आत्यांनी विचारलं.

"तू गप," मामा म्हणाले. मग मला म्हणाले, "सैपाक कोण करतं?"

"ते जहाजाकडं. त्यांची माणसं वेगळी आहेत."

"बरं हाय. चुलीवरनं तंटा नको." त्यांनी बोटांनी बाजेचा सुंभ चाचपला. "आमच्यापरीस अवघड हाय हे. आमच्यात समद्यांची मेंढरंच. एकाला कळतं ते दुसऱ्याला कळतं. हितं एक पाण्याखाली ऐकतोय, एक वर बघतोय, एक लढतोय. यांना एकत्र चालवायचं म्हंजी लई मोठा मोठा पायजे."

मला वाटलं, झालं. पण मामांनी अजून एक, शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो मी मुलीला विचारलेलाच नव्हता.

"दुसऱ्याच्या हाताखाली गेल्यावर तिच्या स्क्वाड्रनचं हेलिकॉप्टर आजारी पडलं, तर त्याला हात कोण लावतं? तिथला मोठा दुसऱ्या कुणाला सांगतो?"

प्रश्न कुठून आला ते मला कळलं. धाकटा भाऊ गेला त्या साली काय झालं होतं ते मला आत्यांकडून माहीत होतं. त्याच्या मेंढरांना पायाचा रोग झाला आणि त्या दुसऱ्या वाड्यातल्या परक्या माणसांनी औषध केलं. निम्मी मेंढरं गेली. मामांचं म्हणणं होतं, आपल्या मेंढराचं चालणं आपल्यालाच कळतं, परक्याला ते मेंढरू नुसतं लंगडं दिसतं.

"मला ठाऊक नाय," मी म्हणाले.

आत्या म्हणाल्या, "मंग लाव ना फोन. तिला इचार."

मामा म्हणाले, "मी बोलणार नाय. तू इचार."

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि बाजेच्या पायाशी धरला. मामा फोनपासून हातभर अंतरावर तोंड दुसरीकडं करून बसले होते. मुलीला सांगितलं, आबा विचारतायत, पण ते बोलत नाहीत, तू मला सांग. ती म्हणाली, "बरं. तुलाच सांगते."

मी मामांचा प्रश्न विचारला.

"आई, दुसऱ्याचा हात चालतच नाय त्याला," ती म्हणाली. "म्हणून तर मला नेतायत. हेलिकॉप्टर आमच्या स्क्वाड्रनचं, त्याची खोड आमालाच ठावी. एअर ग्रुपचा मोठा सांगतो कुठं जायचं, कवा जायचं. पण त्याला खोलायचं, तपासायचं, बांधायचं ते आमीच. आमच्यातलाच एक लहान सायब बी येतोय आमच्यासंगं, त्या दिवशी सांगायचं राहिलं. आमी बघून झालं म्हटल्याबिगर ते जागचं हलत नाय, मोठ्या सायबानं सांगितलं तरी."

"थांब थांब," मामा म्हणाले. तोंड अजून दुसरीकडंच होतं. "मोठ्यानं सांगितलं तरी नाय?"

आत्यांनी माझा दंड धरला.

"नाय, आबा," मुलगी म्हणाली.

"आन तो चिडत नाय?"

"चिडला तरी थांबतो. त्यालाच त्यात बसून जायचं असतं ना कधी कधी."

मामा हसले. खांदे हलले त्यावरून मला कळलं. मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि नेहमीसारखा उजव्या कानाला लावला, आवाज मोठा आहे हे विसरून, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मंग तू निघून गेलेली नायस," ते म्हणाले. "तुला त्यांच्यासंगं धाडलीया."

"व्हय, आबा."

"हे पयल्या दिवशी सांगायचं."

"तुमी उठून गेलात."

"तू खुशखबर म्हणलीस. मला वाटलं लेक आपली माणसं सोडून चालली आन वर हसतीया." थोडं थांबून ते म्हणाले, "सगळ्यात आधी कोण उडतं तिथं?"

"आमच्याच जातीतलं एक हेलिकॉप्टर, आबा. लढाऊ विमानं उडताना-उतरताना कुणी पाण्यात पडलं तर उचलायला ते शेजारीच घिरट्या घालत राहतं. सगळ्यांच्या आधी उडायचं, सगळ्यांच्या नंतर उतरायचं."

"असं," मामा म्हणाले. आणि मग एवढ्या आठवड्यांचं सगळं त्यांनी एकदम विचारायला घेतलं. तिथं थंडी असते का, वाऱ्यात कान दुखतात का, झोपायला जागा किती, पोरींची खोली वेगळी का, पाणी गोडं का खारं. शेळी व्यायली ते सांगितलं. मी भाकरीचं पीठ मळायला आत गेले तरी बोलणं चाललंच होतं. आत्या आत येऊन म्हणाल्या, "बघ, आता थांबतोय का. मला सैपाकाचं इचारू दिलं नाय, आन स्वतः इचारतोय तिथं मासे खाया घालत्यात का."

मुलगी ठरल्या दिवशी गेली. तिनं त्या रात्रीच्या शेवटच्या फोनवर सांगितलं की ती माणसं नेणाऱ्या बोटीनं चढली आणि तिच्या स्क्वाड्रनची हेलिकॉप्टरं मागाहून उडत आली. समुद्रात थोडं आत थांबलेल्या जहाजावर हेलिकॉप्टरं एकेक करून उतरताना ती डेकच्या कडेला उभी राहून बघत होती. एक उतरलं, पाती थांबली, दुमडली, साखळ्या लागल्या, तोवर दुसरं आकाशात दिसायला लागलं. पहिल्याच्या पोटाखाली ती शिरली तेव्हा तिच्याबरोबरचा एक जण म्हणाला, चला, घर लागलं. त्यानंतर फोन बंद झाले.

मामा आता माझ्याशी बोलतात. फार नाही. "पाणी तापलं का" किंवा "शेळी बांधली का". मीही बोलते, पण ताटाकडं बघायची सवय काही गेलेली नाही.

परवा हे करमाडहून आले आणि हसत हसत सांगायला लागले. चौकातल्या चहाच्या टपरीवर मामा बसले होते, कुणीतरी विचारलं, नात कुठं आहे सध्या? मामांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "जहाजावर. तिच्या हेलिकॉप्टरासंगं गेलीया." समोरच्यानं विचारलं, म्हणजे बदली झाली का? मामा त्याच्यावर थोडे रागावलेच. म्हणाले, "बदली कशाची? धाडलीया. दुसऱ्याचा हात चालत नाय त्याला."